आधी कानामागे

आधी कानामागे लाव, श्रावंती.
वाटाण्याएवढं. आणि उद्यापर्यंत थांब.
घाईच्या गिऱ्हाइकाला चहा पाज,
पण चेहऱ्याला हात लावू नको.
मी हे एका नवरीच्या गालावर शिकले,
तिचे सगळे फोटो मग डाव्या बाजूनेच काढले.

डबीची तारीख वाच. वास घे.
ब्लीच नाकात झोंबलं तर ठीक,
डोळ्यात झोंबलं तर खिडकी उघड,
कन्ना चौकाची धूळ येईल, येऊ दे.
वॅक्स केल्यावर सांगायचं, दोन दिवस ऊन नको.
हसतील. एप्रिलात, सोलापुरात, म्हणे ऊन नको!
तरी सांगायचं.

आणि "गोरी करून देते" असं म्हणायचं नाही.
बाहेर पाटीवर तेच लिहिलंय, माहितंय मला.
पाटी आधीच्या बाईची आहे,
पेंटर पुसायचेच तीनशे मागतो.

परवा होटगी रोडवरून एक पोरगी आली होती,
कॅनडात शिकते. सांगत होती,
तिकडं माणसं पैसे भरून काचेच्या पेटीत झोपतात,
वर ट्यूबलाइट, खाली ट्यूबलाइट,
डोळ्यांवर वाटीएवढा चष्मा,
आणि आपल्या रंगाची होऊन घरी जातात.
पहिल्यांदा जाणाऱ्याला पाचच मिनिटं देतात म्हणे.
मी म्हटलं, पाच मिनिटं तर आमच्याकडं
सिलिंडर उतरवून घेताना होतात.
ती हसली खूप.
मग मान खाली घालून विचारलं,
रविवारपर्यंत जाईल ना हो टॅन? बघायला येणारेत.

तिला सांगितलं तेच तुला सांगते.
त्या पेटीत फुकट झोपवलं तरी झोपू नको.
आपण विसरतो,
कातडी वहीत मांडून ठेवते
आणि चाळिशीनंतर वही उघडते.

काय बघलालीस? लिही.

सरावाला आईला आणलंस, बरं केलंस.
विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून आली,
चप्पल बाहेर काढली,
खुर्चीच्या कडेवर बसली, कुणी उठवेल म्हणून.
बांगड्या वर सरकवल्या तर खाली एक पट्टी,
तिच्या लग्नातल्या रंगाची.
बाकीचा हात कारखान्याच्या रांगेतला,
हजार विड्या मोजून देईपर्यंत
अकराचं ऊन, साडेबाराचं ऊन.
बोटांची टोकं तंबाखूनं तपकिरी.
तू लिंबू उचललंस. ठेव ते.
लिंबानं जात नाही, भेगांत आग होते नुसती.
खोबरेल घे, कोमट. आधी हात ओला कर.

मी चोळत होते. ती म्हणाली, "चालु, चालु."
मला वाटलं, चालू ठेवा म्हणतेय.
मी आणखी जोर लावला.
तू फिस्सकन हसलीस.
मॅडम, आमच्यात चालु म्हणजे पुरे!

सोळा वर्षं या चौकात दुकान आहे माझं.
किती बायांना मी
पुरे म्हटल्यावर चोळलं असेल.

हे पण लिही. विचारायचं,
ज्या भाषेत ती दुखलं म्हणते त्या भाषेत.

आता झोप लागलीय तिला.
लाइट गेली, पंखा थांबला, तरी हलली नाही.
डोळ्यांवर गार कापूस, गालांवर मुलतानी,
आणि मांडीवर बघ, बोटं चाललीत.
पान धर, चिमूट भर, वळ, तोंड मुडप.
पान धर.

उठवू नको.
कापूस गरम झाला की बदल.
पॅक पंधरा मिनिटांत काढायचा असतो,
आज वीस होऊ दे.